डावीकडे वळलेली चाकं

समुद्रपूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, चिंधू थुलांच्या घरी, महिनाभरापासून दिवाणाखाली एक लष्करी भंगारवाडा वाढत होता. तीन फूट लांब, दोन फूट रुंद अशी प्लायवूडची फळी, तिच्यावर नदीकाठची सपाट जागा, आणि त्या जागेत चार मोडक्या गाड्या: जळून कोळसा झालेली जीप, चाकं नसलेला पाण्याचा टँकर, उलटी पडलेली ट्रॉली आणि एक तीन टनी ट्रक. काजल झोपली की मोनाली फळी बाहेर ओढायची, काजल जागी झाली की पायानंच आत सरकवायची. काजल दहा महिन्यांची होती आणि दिसेल ती वस्तू आधी तोंडात घालून पाहायची.

मॉडेल करणं मोनालीला नवीन नव्हतं. लग्नाआधी हिंगणघाटला ती शाळेच्या पोरांना प्रोजेक्ट करून द्यायची. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की. हात तिचे आणि मार्क पोरांचे. पण मोडकं असं तिनं कधी काही केलं नव्हतं. मोडकी गाडी करायची तर आधी ती धड करावी लागते आणि मग ती कशी मोडली हे माहीत असावं लागतं, एवढं तिला या महिन्याभरात कळलं होतं.

ते माहीत होतं सासऱ्यांना. चिंधू थूल फौजेत रिकव्हरीवर होते. पहाडातल्या रस्त्यावर लष्कराची गाडी जळाली, उलटली, दरीत गेली, की क्रेनची गाडी घेऊन जायचं आणि तिला ओढून खाली यार्डात आणायचं, हे त्यांनी बावीस वर्षं केलं. आता काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खाल्ली होती. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. म्हणून ते मॉडेल डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाहायचे.

तारेची घासणी चिंचेच्या पाण्यात भिजवून मोनालीनं गंज तयार केला होता आणि चारही गाड्यांना हौसेनं सारखा फासला होता. चिंधूंनी एकेक गाडी डोळ्यांजवळ नेली.

"जीप बराबर हाय. जळली का पेंट जाते, मंग दोन दिवसात लाल होते. पण ट्रक काऊन लाल केला? तो जळला नाई, पडला. पडलेल्या गाडीचा रंग कायम राह्यते. पत्रा दुमडला तिथंच गंज धरते."

"मामाजी, तुम्ही तर साडीच्या दुकानात बसल्यासारखा रंग पाहून राह्यले."

"पाहून नाई, आठवून राह्यलो."

मोनालीनं ट्रकचा गंज पुसला, पुन्हा हिरवा रंग दिला आणि दुमडीदुमडीत काडीनं लाल रेघ भरली. तिचा नवरा रत्नदीप संध्याकाळी ऑफिसातून आला की दारातच म्हणायचा, "भंगारवाला आला होता का आज? दोघांलेबी घेऊन जा म्हणा." पण प्लायवूड त्यानंच आणून दिलं होतं, आणि ट्रकच्या टपासाठी स्वतःची जुनी कंपासपेटीही.

हे सगळं चाललं होतं ते गिरडच्या सुलोचनाबाईंसाठी. त्यांचे मालक नानाजी मून हे चिंधूंच्याच युनिटमधले ड्रायव्हर. तीस वर्षांपूर्वी त्यांचा ट्रक एका वळणावरून दरीत गेला. गाडीत ते एकटेच होते. ट्रक वर ओढून यार्डात आणला तो चिंधूंनी. त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं राहिलं, लग्नाबारशाला भेट व्हायची, पण त्या ट्रकविषयी ना त्यांनी कधी विचारलं, ना यांनी सांगितलं.

मागच्या महिन्यात एका लग्नात जेवताना मात्र चिंधूंच्या कानावर एक वाक्य पडलं. सुलोचनाबाईंचा पुतण्या नवीनच ट्रकवर लागला होता. त्याला वाढता वाढता त्या म्हणाल्या, "डोळा लागू लागला तर गाडी बाजूले लावजो बापा. काकासारखं नको करजो." शेजारी बसलेले त्यांचे थोरले दीर लक्ष्मणराव लगेच म्हणाले, "नानाजीले लहानपणापासून झोप फार. वखरावर बसल्या बसल्या झोपे." लोक हसले. सुलोचनाबाई पण हसल्या, सवयीनं.

चिंधूंचा घास हातातच राहिला. तीस वर्षं ही बाई असं समजून बसली होती हे त्यांना त्या दिवशी कळलं. तिथं बोलता आलं नाही. घरी आल्यावर दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा कापूस कसा आहे ते विचारलं आणि ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी ते सुनेला म्हणाले, "तुले ते प्रोजेक्ट करता येते नं? मले आपलं यार्ड करून दे. वहिनीले दाखवाचं हाय." काय दाखवायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मोनालीनंही विचारलं नाही. तिला वाटलं, माणूस जिथं संपला ती गाडी बघितली की मनाला बरं वाटत असेल.

सुलोचनाबाई रविवारी अकराच्या बसनं येणार होत्या. शनिवारी दुपारी ट्रक पूर्ण झाला. जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेली चाकं, सायकलच्या स्पोकचे आस, सगळं एमसीलनं पक्कं बसवलेलं. मोनालीनं वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची रेती पसरली आणि फळी सासऱ्यांसमोर ठेवली.

चिंधूंची बोटं टपावरून फिरली, दबलेल्या केबिनवरून फिरली, पुढच्या चाकांवर आली आणि थांबली. त्यांनी एक चाक चाचपलं, मग दुसरं.

"हे सरळ हायेत."

"हो. एकदम लेव्हलमध्ये बसवले."

"सरळ नाई पायजे." त्यांनी हात मागं घेतला. "हा तर झोपलेल्या माणसाचा ट्रक झाला, पोरी."

मोनालीला काहीच कळलं नाही. मग चिंधू बोलायला लागले, हळूहळू, फळीकडे न बघता. रिकव्हरीवाला गाडीजवळ गेला की आधी पुढची चाकं पाहतो. चाकं सरळ असतील तर ड्रायव्हर झोपला होता, नाहीतर त्याला कळलंच नाही. वळलेली असतील तर ती कुठं वळली ते पाहायचं. त्या दिवशी पहाड नानाजीच्या डाव्या हाताला होता, दरी उजव्या. पाऊस पडून रस्त्याची कड खचली होती. ट्रक खाली सापडला तेव्हा त्याची चाकं डावीकडे होती, जेवढी वळतात तेवढी.

"पुरं स्टेअरिंग मारलं होतं त्यानं. पडताना चाकं वळवनारा टायरॉड वाकला, चाकं तशीच जाम झाली. चौदा मैल ओढून आणला मी त्याले. साऱ्या रस्त्यानं तो ट्रक पहाडाकडंच ओढे."

"मामाजी, हे आधी सांगायचं नं."

"हे का सांगाचं असते?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "चाकं तर सारेच पाह्यते."

एमसील दगडासारखं झालं होतं. त्यात काजल उठली. त्या दिवशी तिला दात येत होता, मग ती काही कडेवरून खाली उतरली नाही.

रविवारी सकाळी आठला चिंधूंनी नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या हातात गाजर दिलं. रत्नदीपनं बॅटरी धरली. मोनालीनं ट्रक फळीवरून सोडवला, उलटा केला आणि ब्लेडनं पुढचा आस कापायला घेतला. जरा जोर जास्त झाला असता तर केबिनच सुटून आली असती, आणि दुसरी करायला वेळ नव्हता. ब्लेड दोनदा निसटलं, एकदा अंगठ्याला लागलं. रत्नदीप थट्टा विसरून म्हणाला, "आरामानं. बस लेटच राह्यते." साडेनऊला डावं चाक सुटलं, दहाला उजवं. मोनालीनं स्पोकचे दोन तुकडे वाकवले आणि दोन्ही चाकं डावीकडे वळवून बसवली. मग तीच म्हणाली, "थांबा," आणि काडीच्या टोकानं चाकांमागच्या रेतीत एक वाकडी चरी ओढली, ओढून आणलेल्या गाडीची.

चिंधूंनी बोट लावलं. चरीवरून चाकापर्यंत नेलं. "हं," एवढंच म्हणाले.

बस खरंच वेळेवर आली नाही. सुलोचनाबाई पावणेबाराला आल्या, पिशवीत बोरं घेऊन. "जय भीम, भाऊजी. पोरगी केवढी झाली? आजोबावर गेली, कपाळ पाहा." पाणी झालं, चहा आला. मग मोनालीनं फळी बाहेर ओढली.

"अगं माय. तू केलं हे?"

"मी केलं, मामाजींनी सांगितलं."

सुलोचनाबाईंनी चष्मा लावला. जीप पाहिली, टँकर पाहिला. ट्रकपाशी त्या थांबल्या. त्यांना सांगावं लागलं नाही. वाकून पाहत म्हणाल्या, "हिरवाच हाय अजून."

"हिरवाच होता," चिंधू म्हणाले. मग त्यांनी हात पुढं केला, अंदाजानं, आणि सुलोचनाबाईंचं बोट धरून पुढच्या चाकावर ठेवलं. "हे पाहा वहिनी."

"वाकडं बसलं."

"वाकडं नाई. वळवलेलं हाय." आणि काल सुनेला सांगितलं ते सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं, पहाड डावीकडे, दरी उजवीकडे, खचलेली कड. दोनदा अडकले. तिसऱ्यांदा अडकले तेव्हा मोनालीनं पुढचं वाक्य सांगितलं.

सुलोचनाबाईंचं बोट चाकावरच होतं. "म्हणजे जागे होते."

"जागा होता. शेवटपर्यंत."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "तीस वर्षं झाले भाऊजी. काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं तुमाले माईत असन. रिपोर्टात लिहून देल्लं होतं मी."

"रिपोर्ट माह्या घरी कोण आणून देनार होतं?"

चिंधूंनी मान खाली घातली. काजलनं बोरांच्या पिशवीत हात घातला आणि कोणी तिला थांबवलं नाही. सुलोचनाबाईंनी निवलेला चहा उचलला आणि पूर्ण प्यायला.

"मी हे गिरडले नेईन," त्या म्हणाल्या. विचारलं नाही. "आमच्या लक्ष्मणरावच्या पुढ्यात ठेवतो. पाह्य म्हणावं, वखरावर झोपनाऱ्याची गाडी."

तीनच्या बसला फळी चढवायला रत्नदीप आणि मोनाली दोघं लागले. कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं लगेज लागन."

"लगेज नाई हे. मालकाची गाडी हाय माह्या. हाफ तिकीट घे पायजे तर."

कंडक्टरनं वाकून पाहिलं आणि काही घेतलं नाही. सुलोचनाबाई खिडकीशी बसल्या, फळी मांडीवर आडवी, एक हात ट्रकच्या टपावर. बस स्टँडातून बाहेर वळली तेव्हा मोनालीनं पाहिलं, त्यांनी ट्रकचा टप तसाच घट्ट धरला होता.

घरी दिवाणाखालची जागा मोकळी दिसत होती. चहाचा चोथा तेवढा सांडलेला होता. त्यात रांगत काजल पार आत गेली आणि तोंड हलवत बाहेर आली. मोनालीनं बोट घालून तिच्या तोंडातून एक छोटं काळं चाक काढलं.

"मामाजी, हे एक राहूनच गेलं."

चिंधूंनी ते हातात घेतलं, अंगठ्यानं फिरवलं. "स्टेपनी. स्टेपनी बसवली नाई तू."

"घाईत राहिली."

त्यांनी चाक सदऱ्याला पुसलं आणि वरच्या खिशात ठेवलं. "येत्या रविवारी गिरडले जा लागन," ते म्हणाले. "चाक नेऊन देऊ. आन् लक्ष्मणराव घरी असन तर बरंच हाय. त्याले मीच सांगतो."