लक्ष्मीनिवासच्या अंगणातली रेंज

मेघना गमरे एका मोबाइल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होती. परळ, लालबाग, चिंचपोकळी आणि खाली रे रोडपर्यंतचे टॉवर तिच्या टीमकडे होते. चिंचपोकळीच्या एका टॉवरबद्दल तक्रारी यायला लागल्या तेव्हा तिला आधी विशेष काही वाटलं नाही. तक्रार तीच होती, फुल रेंज दाखवते पण फोन लागत नाही. वेगळं एवढंच, की हे फक्त दुपारी व्हायचं, जेवणं आटोपायच्या सुमारास, आणि थोड्या वेळाने आपोआप सगळं ठीक व्हायचं.

त्या टॉवरवर मेघनानेच महिनाभरापूर्वी एक नवी सेटिंग चाचणीसाठी चालू केली होती. फोनला बोलायचं असेल तर तो आधी टॉवरला एक हाक मारतो. टॉवर ती ऐकतो आणि उत्तर देतो, की बाबा, ये, तुझी ही जागा. हे उत्तर कंट्रोल चॅनलवरून जातं, आणि त्या चॅनलचे तुकडे मोजकेच असतात. जवळच्या फोनला एखादा तुकडा पुरतो. तळघरात, जाड भिंतींच्या आड असलेल्या फोनला तेच उत्तर बऱ्याच तुकड्यांवर पसरून द्यावं लागतं, तेव्हा कुठे ते त्याच्या कानावर पडतं. मेघनाच्या सेटिंगमध्ये टॉवर हाक किती क्षीण आहे ते बघायचा आणि त्या मानाने तुकडे वाढवायचा. पलीकडून काही आलं नाही तर आणखी वाढवायचा.

"तुझा टॉवर कोणाशी तरी कुस्ती खेळतोय," धनेश म्हणाला. धनेश परब तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, टॉवरचं कंट्रोल तो सांभाळायचा. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे बघ. एकच फोन आहे. हाक मारतो, टॉवर उत्तर देतो, पुढे काहीच नाही. परत हाक. टॉवर अजून तुकडे देतो. असं करत करत जवळजवळ अख्खा चॅनल ह्याच्यावर घालवतो. बाकीची पब्लिक बसली बोंबलत."

"इतकी क्षीण हाक टॉवरला ऐकू येते तरी कशी?"

"तेच तर. यायला नको."

फोनचं अंतरही दिसत होतं. तो टॉवरच्या अगदी जवळ होता, जवळजवळ पायथ्याशीच. आणि सिग्नल मात्र असा, की जणू कोणी डोंगराच्या पोटातून बोलतंय.

त्यांचे साहेब जयवंत देसाई यांनी दोन वाक्यांत विषय संपवला. "एका खराब हँडसेटपायी एवढे ग्राहक ताटकळत ठेवायचे का? मर्यादा घाला, तो फोन आपोआप गप्प होईल."

"सर, तो आपणहून हाक मारत नाहीये," मेघना म्हणाली. "प्रत्येक वेळी आधी टॉवरकडून पुकारा जातो, की तुझा फोन आलाय. मग तो हाक मारतो. म्हणजे त्याला रोज कोणीतरी फोन लावतंय आणि तो उचलायला बघतोय. मी एकदा जागेवर जाऊन येते, मग घालू मर्यादा."

जयवंतसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "उद्या जाऊन या. परवा मर्यादा."

दुसऱ्या दिवशी ती चिंचपोकळीला उतरली. हा भाग तिला परका नव्हता, तिचं लहानपण डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गेलं होतं. टॉवर एका नव्या इमारतीच्या गच्चीवर होता. इमारतीला लागून लक्ष्मीनिवास नावाची चाळ होती, रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी केलेली. दारं-खिडक्या काढून नेलेल्या, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर ओळीने काळी भोकं. अंगणात डेब्रिजचा मोठा ढीग पडला होता. पलीकडच्या गाळ्यात लेथ मशीन चालू होतं.

मोजणीचा फोन हातात घेऊन मेघना गेटपाशी उभी राहिली. रेंज उत्तम होती. थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग गल्लीतून साठीच्या पुढची एक बाई आली, गेटच्या गजाला एक हात धरून उभी राहिली आणि दुसऱ्या हाताने तिने फोन कानाला लावला.

मेघनाच्या स्क्रीनवर त्याच क्षणी पुकारा उमटला. आणि पाठोपाठ ती हाक.

बाईने फोन खाली घेतला, परत लावला. परत पुकारा, परत हाक. या वेळची आधीपेक्षा क्षीण. टॉवरने तुकडे वाढवले. लेथवरचा माणूस फोनवर बोलत बाहेर आला होता, तो "हॅलो, हॅलो" करत राहिला आणि शिवी हासडून आत गेला.

"मावशी," मेघनाने जवळ जाऊन विचारलं, "कोणाला फोन लावताय?"

बाईने तिच्याकडे नीट निरखून बघितलं. "घोवाक लावतंय. तू कोण गो?"

"फोन कंपनीतून आलेय. तुमचा फोन लागत नाही ना?"

"लागत नाय. पण लागता लागता ऱ्हवता," ती म्हणाली. "बंद असलेल्या फोनाची बाई लगेच बोलता. ही तशी नाय बोलत. मधी थांबता. कोणतरी उचलूक येता असा वाटता बघ, आणि मगे तुटता."

तिचं नाव बकुळा घाडी. तिचा नवरा सीताराम तरुणपणी गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर सहकारी बँकेत शिपाई झाला. निवृत्त झाल्यापासून लक्ष्मीनिवासचं पाणी सोडायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. चाळ रिकामी झाली त्या दिवशी शेवटचा टेम्पो भरेपर्यंत तो सगळ्यांना दिसत होता. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. पोलिसांनी शोधलं, गावी मालवणकडे चौकशी झाली. चाळ सोडायच्या दुःखाने डोकं फिरलं असेल, कुठेतरी निघून गेला असेल, असं सगळे म्हणत होते. ह्या गोष्टीला पावसाळा उलटून गेला होता.

"जेवण झाला की ते हंय अंगणात येऊन बसत," बकुळा म्हणाली. "म्हणून मी ह्याच वेळेक लावतंय."

मेघना म्हणाली, "मावशी, त्यांचा फोन इतके महिने चार्जिंगशिवाय चालू राहणार नाही."

"माका काय कळता त्यातला? तुझी मशीन काय सांगता?"

मेघनाने स्क्रीनकडे बघितलं. मग बाजूला जाऊन तिने धनेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अगं, पण इतके दिवस हजेरी न लावलेला फोन नेटवर्क कधीच खोडून टाकतं," धनेश म्हणाला. "त्याला पुकारा जाणंच शक्य नाही."

"जातोय पण. मी समोर बघतेय. धनेश, मर्यादा उद्या घालायचीय ना? आज आहे ती पण काढ. वरचा टप्पा उघडा सोड. सगळे तुकडे त्याच्यासाठी."

"अख्खी चिंचपोकळी मुकी होईल, मेघना."

"थोडा वेळ."

"कर म्हण एकदा. मग माझ्यावर नको यायला."

"कर."

ती बकुळाला घेऊन गेटच्या आत गेली. अंगणात ऊन होतं, पण ढिगाच्या बाजूला गारवा लागत होता, ओल्या फरशीवर पाय ठेवल्यावर लागतो तसा. मेघना म्हणाली, "मावशी, आता लावा."

बकुळाने फोन लावला. पुकारा गेला. हाक आली, इतकी क्षीण की आकडा तळाला टेकला. टॉवरने तुकडे दुप्पट केले, मग परत दुप्पट. आसपासचे फोन एकेक करून मुके झाले. लेथही थांबलं होतं. गल्लीत कोणीतरी "नेटवर्क गेलं काय रे?" असं ओरडलं आणि त्यानंतर कुठूनच आवाज आला नाही. मेघनाच्या स्क्रीनवर चॅनलची पूर्ण पट्टी भरली. तेवढ्या मोठ्या भागात टॉवर आता एकाशीच बोलत होता.

मग पलीकडून पुढचा संदेश आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या फोनला उत्तर ऐकू आलं होतं.

बकुळाच्या फोनमध्ये रिंग वाजायला लागली. आणि त्याच वेळी ढिगाखालून, खोलवरून, एक बारीक घंटी ऐकू आली, जुन्या लँडलाइनसारखी.

"त्यांचीच," बकुळा म्हणाली. तिचा चेहरा जराही बदलला नाही.

घंटी थांबली. कोणीतरी फोन उचलला होता.

"अहो?" बकुळा म्हणाली. तिने पदराने दुसरा कान झाकला आणि ऐकत राहिली. मेघना दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला शब्द कळत नव्हते, फक्त टाकीत बोलल्यावर आवाज घुमतो तसं काहीतरी ऐकू येत होतं. "होय," बकुळा म्हणाली. "होय, गेली. सगळी गेली. मीच एकटी हंय. ... बरां. येतंय."

फोन कट झाला. स्क्रीनवरची पट्टी रिकामी झाली आणि गल्लीतले सगळे फोन एकदम वाजायला लागले.

मेघना जवळ आली. "काय म्हणाले?"

"सगळी उतरली काय, म्हणून विचारीत होते. सगळ्यांका आठवान पाणी दिलंय, आता व्हॉल्व्ह बंद करून वर येतंय, म्हणाले." बकुळा ढिगाकडे बघत होती. "टाकी हंय खाली आसा गो. ह्या सगळ्याच्या खाली."

लेथवाले आणि गल्लीतली चार माणसं आली, त्यांनी हातांनी ढीग उपसायला सुरुवात केली. चौकटी, विटा, पत्रे. खालून सिमेंटचं चौकोनी झाकण निघालं, अर्धवट सरकलेलं. ते उचलण्याआधी मेघनाने अग्निशमन दलाला फोन केला होता. तिचा फोन पहिल्याच झटक्यात लागला.

सीताराम घाडी टाकीच्या तळाशी होता. व्हॉल्व्ह बंद करायला शिडीने उतरला असणार आणि पाय घसरला असणार. वर कोणाला पत्ता नाही, आणि संध्याकाळी डेब्रिज टाकणाऱ्यांनी अंगणात दिसेल तिथे ढीग ओतला. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मार लागून तो पडल्या पडल्याच गेला असावा. मेघनाने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. कारण दुसरा विचार तिला सोसवत नव्हता, की त्या दिवशीही त्याचा फोन हाका मारत होता आणि टॉवर त्याला उत्तर देत होता, फक्त ते खालपर्यंत पोचण्याइतकं पसरून देत नव्हता. ती सेटिंग तेव्हा चालूच नव्हती.

फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. आत चिखल भरलेला, बॅटरी फुगून फुटलेली. पोलिसांकडचा तपासणीचा माणूस म्हणाला, हा फोन निदान पावसाळ्यापासून तरी चालू झालेला नाही. बकुळाने त्या फोनवरच्या बोलण्याबद्दल कोणाला सांगितलं नाही. भोईवाड्याला अंत्यविधी झाला, बाराव्यानंतर ती मुलीबरोबर मालवणला गेली. निघताना तिने मेघनाच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता मी लावूचंय नाय," ती म्हणाली. "बोलणा झाला."

त्या टॉवरवर परत कधी तशी हाक आली नाही. दुपारच्या तक्रारी बंद झाल्या. जयवंतसाहेबांना सापडलेल्या माणसाची बातमी कळली होती, त्यांनी मेघनाला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि सेटिंग सगळ्या टॉवरवर लावायला सांगितली, ठरावीक मर्यादेसह. "उद्या कोणी खरंच अडकला असेल तर," ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

पंधरवड्याने धनेशने पुन्हा स्क्रीन तिच्याकडे वळवली. रे रोडचा टॉवर, लाकडाच्या वखारींच्या बाजूचा.

"क्षीण हाक?" मेघनाने विचारलं.

"तशीच. पण ह्याला पुकारा जात नाहीये." धनेशने आवाज खाली आणला. "ह्याला कोणीच फोन लावत नाही, मेघना. हा आपणच हाक मारतोय."

ती दोघं सकाळीच निघाली. वखारीच्या आवारात सागाचे ओंडके रचलेले होते, भुश्शाचा वास सगळीकडे भरला होता, ट्रक उतरवणारे हमाल मोठमोठ्याने बोलत होते. फाटकाशी एक म्हातारा वॉचमन बसला होता. मेघनाने आपलं ओळखपत्र दाखवलं. काय विचारायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं, "काका, इथून कोणी बेपत्ता झालंय का?"

वॉचमन उठला, त्याने आपलं स्टूल पुसून तिच्यापुढे केलं.

"बसा मॅडम," तो म्हणाला. "त्यांतल्या कोणाबद्दल विचारताय?"