दोषवहीत न लिहिलेला दोष

“ट, न, ल, प, ग, र... ट, न, ल, प, ग, र...”

बाथरूमचं दार आतून लावून पैलवान घोकत होता. पैलवान म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच माणूस, पंचेचाळिशीतला बस ड्रायव्हर. दंड भरदार, म्हणून डेपोत हे नाव पडलं आणि चिकटलं.

“अहो, या वयात परीक्षेला बसताय की काय?” बायकोने बाहेरून विचारलं. “बादली कधीची भरून वाहतेय!”

परीक्षाच होती. वर्षातून एकदा ड्रायव्हर लोकांचे डोळे तपासतात, आणि तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता गेली सहा वर्षं तोच आहे. शेवटची ओळ अख्ख्या डेपोला पाठ! नवा ड्रायव्हर आला की त्याला आधी ती ओळ शिकवतात, मग चहा पाजतात. पैलवानाला आजवर तिची गरज पडली नव्हती. या वर्षी पडणार होती. त्याने उजव्या डोळ्यावर हात ठेवून भिंतीकडे पाहिलं. फरशांच्या सरळ रेघा मधोमध वाकल्या होत्या आणि त्यांच्यावर नाण्याएवढा करडा डाग होता. तीन आठवडे झाले तरी तो हटत नव्हता.

आणखी एक गोष्ट त्याने लपवली होती, तीही बायकोपासून. दीड वर्षापूर्वी त्याला सतत थकवा यायचा, कशात मन लागेना, बायकोजवळ जायचंही तो टाळू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी आहे. इंजेक्शनं सुरू झाली आणि हुरूप परत आला. “दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हा एकदाच गेला. पुढे ओळखीच्या कंपाउंडरकडून परस्पर टोचून घेऊ लागला, तेही दुप्पट! घरी म्हणाला, ताकदीचं आहे. पैलवानाला पुरुषपणाचं इंजेक्शन लागतं, हे लोकांना कळलं तर? या एका ‘तर’पायी माणूस काय काय करतो, बघा.

तपासणीत त्याने ओळ धडाधडा म्हटली. कागदावर शिक्का बसला. मित्रांनी पाठीवर थाप मारली, पण याचा शर्ट घामाने भिजला होता.

चौथ्या दिवशी व्हायचं ते झालं. थांब्याला गाडी लावताना डावा आरसा एका आजीबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत अडकला आणि त्या गर्रकन फिरून बाकावर आपटल्या. नशीब, खरचटण्यावर निभावलं!

गाडीची कंडक्टर ताई अकरा वर्षं त्याच्याबरोबर होती. घंटीपेक्षा तिचाच आवाज मोठा. तिने आजींना पाणी दिलं, प्रवाशांना मागच्या बसमध्ये चढवलं, बदली ड्रायव्हर मागवला. मग रिकाम्या गाडीत त्याच्यासमोर बसून ती हळू आवाजात बोलली.

“काय झालंय, पैलवान?”

“झोप झाली नाही, ताई.”

“मला नको शिकवूस. आठवडाभर तू मान वाकडी करून आरशात बघतोयस.”

मग मात्र बांध फुटला. डाग, पाठ केलेली ओळ, इंजेक्शनं, सगळं त्याने सांगून टाकलं. ताईने डॅशबोर्डवरची दोषवही उचलली. रोज गाडी सोडताना ड्रायव्हर तिच्यात गाडीचे बिघाड लिहितो. पैलवानाइतक्या नेमाने ती कुणीच लिहीत नसे.

“काल काय लिहिलंस? वाच.”

“वायपर सैल. मागचं दार वाजतं.”

“दार वाजलं तर लिहितोस, आणि डोळा गेला तर लपवतोस? अरे, गाडी दार चालवतं की तू?”

“नोकरी जाईल, ताई. वर लोक हसतील ते वेगळंच!”

“हसू देत! हसण्याने कुणी मरत नाही. आज आजी चाकाखाली गेल्या असत्या तर?”

पैलवानाने तोंड ओंजळीत लपवलं. तो रडत होता.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. तपासून त्यांनी विचारलं, “आणखी कुठलं औषध घेता?”

“काही ना...” बायको शेजारीच बसली होती. त्याला थांब्यावरच्या आजी आठवल्या. “घेतो, डॉक्टर!” आणि त्याने एका दमात सगळं सांगितलं.

“एवढंच होतं?” बायको म्हणाली. “ दीड वर्षं खोटं बोललात माझ्याशी! तेव्हा दूर दूर राहायचात, मला वाटलं, मी नकोशी झालेय तुम्हाला.” तिने पदराने डोळे पुसले आणि त्याचा हात घट्ट धरला.

“डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय,” डॉक्टर म्हणाले. “इंजेक्शनमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण काही लोकांत तसा संबंध दिसलाय. शिवाय डोस जास्त झाला की रक्त घट्ट होऊ शकतं, तेही डोळ्याला धोक्याचंच. औषध वाईट नाही हो! गरज असेल त्याने तपासण्या करून घ्यावं. आता मनाने बंदही करू नका, ज्यांनी सुरू केलं त्यांना आजच भेटा.”

“डाग जाईल ना?”

“बहुतेकदा ओसरतो. तुमचं तीन महिन्यांनी कळेल. तोवर गाडीला हात लावायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान डेपोत गेला आणि त्याने दोषवही उघडली. अक्षर नीट काढून लिहिलं. ‘चालकाच्या डाव्या डोळ्यात मधोमध डाग. तपासणीत ओळ पाठ म्हटली होती. गाडी देऊ नये.’ खाली सही केली. इंजेक्शनाचंही त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही.

मंडळी, डॉक्टरांपुढे औषध लपवण्यात कसला आलाय पुरुषार्थ? इंजेक्शन घ्यायची लाज वाटू देऊ नका. लाज वाटायचीच तर तपासणी चुकवण्याची वाटू द्या. आणि आपल्या हाती चार लोकांचे जीव असतील, तर आपल्या शरीराचा बिघाड ही आपली खासगी बाब उरत नाही!

इकडे डेपोत सर्वांत वयस्कर ड्रायव्हर कान खाजवत पुढे आला. “पेन दे रे इकडे,” तो म्हणाला. “मलाही लांबच्या पाट्या दिसत नाहीत.”

त्या दिवशी दोषवहीत माणसांच्या तीन नोंदी झाल्या, आणि आठवड्याभरात तपासणीच्या खोलीतला तक्ता बदलला.