शेवटची फरशी

"त्या पेटीला हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाले.

हवालदार वाकला होता तो तसाच थांबला आणि त्याने इन्स्पेक्टर बाईंकडे पाहिलं. सकाळपासून म्हातारा चकार शब्द बोलला नव्हता. दार ठोठावलं तेव्हा नाही, झडतीचा हुकूम दाखवला तेव्हा नाही, घरामागच्या शेडमधली रंगाची डबडी, मोडकी शिडी, सिमेंटची रिकामी पोती एकेक करून अंगणात काढली तेव्हाही नाही. आणि आता सगळी शेड रिकामी झाल्यावर कोपऱ्यातल्या एका लाकडी हत्यारपेटीवर घोडं अडलं होतं.

"का हो? काय आहे पेटीत?" बाईंनी विचारलं.

"थापी, ओळंबा, छिन्न्या. उघडून बघा हवं तर. पण आहे तिथंच राहू द्या."

"बरं. आणि पेटीखाली?"

मिस्त्रींनी नजर दुसरीकडे वळवली. शेडच्या दारात उभी असलेली थोरली एक पाऊल आत आली.

थोरली म्हणजे मिस्त्रींची मोठी मुलगी. एका दवाखान्यात ती तपासणीसाठी लोकांचं रक्त घ्यायची. "मुंगी चावेल हं फक्त," असं म्हणत तिनं आयुष्यभर भल्याभल्यांचे दंड बांधले होते. मागच्या महिन्यात पोलिसांनी तिचंच रक्त घेतलं, तेव्हा मात्र तिला भोवळ आली. कधी काही सापडलं, तर ताडून बघायला हवं म्हणून घेतलं होतं. 'काही' म्हणजे काय, हे कुणी बोललं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

तीस वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण बिट्टी कोपऱ्यावरच्या दुकानात पेन्सिल आणायला गेली, ती परत आली नाही. सहा वर्षांची पोर. भरदुपारी, भरवस्तीतून. विहिरी पाहिल्या, नाले पाहिले, स्टेशनं पाहिली, पण पोरीचा मागमूस लागला नाही. आणि ती हरवली त्याच आठवड्यात मिस्त्रींनी घरामागच्या शेडमध्ये नवीकोरी फरशी घातली होती.

हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही. फरशी बसवणारा माणूस, त्याने घातली फरशी. पण माणसाच्या मनाला काय, वेळ गेला की ते नको तिथे उकरायला लागतं. शेजारच्या काकू आधी आडून बोलायच्या, मग उघड बोलायला लागल्या. "बाप जगात पोरीला हुडकत हिंडेल, की घरात बसून फरशी घालेल?" आता जुन्या फायली नव्या इन्स्पेक्टर बाईंकडे आल्या होत्या, आणि काकूंनी तेच त्यांच्यापुढेही सांगितलं होतं. आज त्या कुंपणाला चिकटून कान टवकारून उभ्या होत्या. कामधंदा सोडून.

काकूंचं जाऊ द्या. खरी गोष्ट ही, की थोरलीच्याही मनात शंकेची पाल चुकचुकत होती. आजची नाही, कितीतरी वर्षांची. बारा वर्षांची असताना तिनं ऐकलेली ती ठकठक तिच्या कानातून गेलीच नव्हती. आई उंबऱ्यात बसून हंबरडा फोडतेय, "अहो, पोर हरवलीय आणि तुम्हाला फरशी सुचतेय?" आणि मागून बाबांची ठकठक चालूच. पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला. "राहू दे की त्याला चार दिवस आजोळी," आई म्हणायची. थोरली दर वेळी नवी सबब काढायची. शाळा, खोकला, काहीही. आई गेली, तरी तिनं पोराला बाबांजवळ कधी एकटं सोडलं नाही. बाबांनीही कधी आग्रह केला नाही.

"पेटी उचला," बाई म्हणाल्या.

पेटी उचलली. खालची फरशी इतर फरशांसारखीच होती, फक्त धूळ नसल्यामुळे जरा काळी दिसत होती. हवालदाराने तिच्यावर काठी आपटली. शेजारच्या फरशीवर आपटली. पुन्हा तिच्यावर. लहान पोरालाही कळेल इतका आवाजात फरक होता.

"मॅडम, ही बसवलेलीच नाही. नुसती ठेवलीय. हलतेय बघा."

"सगळी शेड पक्की आणि नेमकी हीच एक हलती?" बाई मिस्त्रींकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बदलला होता. "मिस्त्री, ही फरशी कशासाठी उघडत होता तुम्ही?"

"उघडली नाही कधी."

"मग सुटी का ठेवली? आणि वर पेटी कशाला?"

मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले. कुंपणापलीकडून काकूंचा "अगं बाई!" ऐकू आला. थोरलीला वाटलं, आपण इथून पळून जावं, दवाखान्यात जावं, कुणाचा तरी दंड बांधावा. इतकी वर्षं ती म्हणत होती, एकदाचं काय ते कळू दे. आता कळायची वेळ आली, तर तिला ते नको होतं.

हवालदाराने पहारीचं टोक सांध्यात घातलं. जोर लावावा लागलाच नाही. फरशी अलगद वर आली. खाली सिमेंटचा माल नव्हता, नुसती चाळलेली बारीक वाळू. बाई गुडघ्यांवर बसल्या, हातमोजे चढवले आणि बोटांनी वाळू बाजूला करू लागल्या. वीतभरही खाली जावं लागलं नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं काहीतरी लागलं.

बाईंनी सुतळी सोडली. प्लॅस्टिकचे पदर एकावर एक होते, जुने, कडक झालेले. आतून निघाली एक हातोडी. लाकडाची, ठेंगणी, मूठ बारीक केलेली, मोठ्या माणसाच्या हातात खेळण्यासारखी दिसावी अशी. दांड्याला लाल रंगाचा पट्टा.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच काही समजलं नव्हतं.

बोलली ती थोरली, आणि बोलायला लागल्यावर आपण बोलतोय हे तिला कळलं.

"बिट्टीची आहे. तिची हातोडी." ती पुढे आली. "मॅडम, बाबा कुणाच्याही घरची फरशी घालायचे ना, शेवटच्या दिवशी आम्हाला घेऊन जायचे. शेवटची फरशी आम्ही ठोकायची. ते सगळं करून ठेवायचे, माल पसरायचे, आणि आम्ही वरून ठकठक करायची. पोरीचा हात लागल्याशिवाय काम पुरं झालं असं ते मानायचेच नाहीत. आधी मी ठोकायचे. बिट्टी कळती झाली, तसा तो मान तिला गेला. चार दिवस बोलले नव्हते मी बाबांशी. तिच्यासाठी त्यांनी ही मुद्दाम करून..."

ती त्या उघड्या चौकोनाकडे बघत राहिली. म्हणजे शेडची फरशी पुरी झालीच नव्हती. तीस वर्षं काम अर्धवट होतं. शेवटच्या फरशीची जागा राखून ठेवली होती, हातोडी हाताशी ठेवली होती, आणि कुणाचा चुकून पाय पडू नये म्हणून वर पेटी.

"बाबा, आम्हाला सांगायचं तरी!" ती ओरडलीच.

"काय सांगायचं?" मिस्त्री पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले. "दाही दिशा हिंडलो. मग तुमच्याच पोलिसांनी सांगितलं," त्यांनी बाईंकडे हात केला, "घरी थांबा, पोर आली तर घरी कुणीतरी पाहिजे. थांबलो. नुसतं थांबता येतं का? तिची ती चाकांची गाडी इथल्या मातीत रुतायची, रोज भुणभुण लावायची, बाबा, लोकांच्या घरी गुळगुळीत करता, आपल्याकडे कधी? म्हटलं, येईल तोवर करून ठेवू. हात चालले नसते, तर वेड लागलं असतं मला."

"आणि आईला?"

"आईला सांगितलं असतं तर ती रोज या कोपऱ्याशी येऊन बसली असती. आणि नंतर नंतर कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी ठरवूनच टाकलं."

'सगळ्यांनी' म्हणताना त्यांनी कुंपणाकडे पाहिलं नाही. थोरलीने मान खाली घातली.

तरी पुढचं काम थांबलं नाही, आणि थांबायला नकोच होतं. इन्स्पेक्टर बाई वाईट नव्हत्या, पण नुसत्या गोष्टीवर फाईल बंद होत नसते. दिवसभर छिन्नी आणि पहार चालली. फरशा निघाल्या, त्याखालचा थर निघाला, माती निघाली. मिस्त्री अंगणात खुर्ची टाकून बसले होते. एकदाच ते तिथून ओरडले, "अरे, कोपऱ्यातून नको, मधून घाल पहार! फुटतील सगळ्या!" आणि खणणाऱ्या माणसाने मुकाट्याने ऐकलं. उन्हं कलली तेव्हा शेडमध्ये कमरेएवढा खड्डा होता आणि खड्ड्यात मातीशिवाय काही नव्हतं. काकू केव्हाच घरात गेल्या होत्या.

निघताना बाई मिस्त्रींपुढे उभ्या राहिल्या. "हातोडी मला न्यावी लागेल. जप्तीत दाखवलीय. परत मिळेल, पण वेळ लागेल." मग म्हणाल्या, "आमची माणसं येऊन फरशी पूर्ववत करून देतील."

"नको," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या माणसांना उतार काढता यायचा नाही."

गाडी गेली. अंगणात फरशांची चळत आणि दोघंच उरली. थोरलीने चहा केला, कप त्यांच्या हातात दिला आणि समोर बसून राहिली.

"बाबा, मला वाटायचं..."

"ठाऊक आहे." मिस्त्रींनी चहावर फुंकर घातली. "नातवाला ठेवत नव्हतीस तू माझ्याजवळ. माणूस काय इतका आंधळा असतो?"

"मग रागावलात का नाही कधी?"

"आधी रागावलोच होतो. मग वाटलं, एक पोर नजरेआड झाली आमच्या. हिनं आपलं पोर डोळ्यांत तेल घालून जपलं, तर चुकलं कुठं?"

तेव्हा थोरली रडली. चांगली मोठ्याने, हुंदके देऊन, लहानपणी रडायची तशी. मिस्त्रींनी तिला गप्प बस म्हटलं नाही. चहा मात्र गार होऊ दिला नाही, संपवला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याला आणि कॉलेजातल्या लेकाला घेऊन सकाळीच आली. तिघांनी मिळून खड्डा बुजवला, माती धुमसून घट्ट केली. मग तिने दोघांना घरी पाठवलं. मिस्त्रींना आता गुडघ्यांवर बसता येत नव्हतं. ते स्टुलावर बसून सांगत होते आणि थोरली करत होती. "माल पातळ झाला. अजून सिमेंट घाल. अगं, थापी अशी धरतात का? इंजेक्शन देतेयस का फरशीला?" दोरी लावून, पाणसळ ठेवून एकेक ओळ पुढे सरकत गेली. तडा गेलेल्या फरशा त्यांनी भिंतीकडेला लावायला लावल्या. दिवस मावळायच्या बेताला कोपऱ्यातली एक जागा उरली.

थोरलीने सवयीने मालाची थापी भरली आणि थांबली. मग घमेलं बाजूला सारून तिने वाळू घेतली, चाळली, पसरली, हाताने सपाट केली.

"हातोडी कधी देतायत, काही बोलल्या का त्या बाई?" मिस्त्रींनी विचारलं.

"वेळ लागेल म्हणाल्या."

मिस्त्रींनी मान डोलावली. मग पेटी पुढे ओढून त्यांनी स्वतःची हातोडी काढली. जन्मभर वापरलेली, काळी पडलेली, दांड्यावर त्यांच्या बोटांचे खड्डे उमटलेली. जुन्या फडक्याने ती पुसली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि थोरलीच्या हातात दिली.

ती वजनाने दबलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिली. "बाबा, ही तिला जड होईल."

"आता कशाला जड होतेय," मिस्त्री म्हणाले. "मोठी झाली असेल की ती."

थोरलीने हातोडी वाळूत ठेवली आणि वर शेवटची फरशी टेकवली, न ठोकता.