ड्रॉसेलबाइनची टाचणी

डोरीन ड्रॉसेलबाइन हवापालटासाठी आठवडाभर व्हिटबीला गेली, तेव्हा संस्थेच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर बातमी आली : 'ब्रिटनमधील समस्त ड्रॉसेलबाइन लोकसंख्येचे पूर्व किनाऱ्याकडे स्थलांतर.' खाली नकाशा होता आणि नकाशावर एकच लाल टाचणी होती. ती टाचणी म्हणजे डोरीन.

बातमी खोटी नव्हती, हीच तर पंचाईत. यॉर्कशरमधल्या हॅडरशॉ नावाच्या गिरणीगावात, बंद पडलेल्या सॉसेजच्या दुकानावर राहणारी ही अडुसष्ट वर्षांची बाई सोडली, तर सबंध ब्रिटनमध्ये हे आडनाव लावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आडनावाचा अभ्यास करणारी संस्था मात्र जोरात होती. सभासद चाळीसच्या वर आणि त्यांत ड्रॉसेलबाइन एकही नाही. कुणाची पणजी ड्रॉसेलबाइनांची, कुणाच्या चुलतआजोबांची पहिली बायको. चिटणीस रेजिनाल्ड मर्गट्रॉइड यांचं नातं तर इतकं लांबचं, की ते सांगायला बसले की समोरच्याचा चहा निवायचा.

पण निष्ठा म्हणाल तर बावनकशी. नकाशा त्यांच्याच जेवणघरात टांगलेला. डोरीन दात दाखवायला लीड्सला निघाली तर तिनं फोन करून कळवायचं, मग मर्गट्रॉइड घास टाकून उठणार आणि टाचणी लीड्सला नेणार. परत आली की पुन्हा फोन, पुन्हा टाचणी. एकदा ती परत आल्याचं कळवायला विसरली, तर हा गृहस्थ दोन डोंगर ओलांडून गाडी हाकत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "काही नाही, सहज इकडून चाललो होतो." ताकाला जाऊन भांडं लपवण्यात या लोकांचा हात धरणारा अजून जन्मायचाय.

डोरीनला या आडनावाचा मनापासून कंटाळा आला होता. शाळेत नव्या बाई हजेरी घेताना मध्येच अडखळल्या की सगळा वर्ग तिच्याकडे वळून खिदळायचा. पुढे बँक, दवाखाना, टपाल कचेरी. जाईल तिथे तेच. "काय नाव म्हणालात?" मग "ते कुठलं हो?" मग तोंड दाबून हसणं. अख्खा जन्म या तीन पायऱ्या चढण्यात गेला.

तिचे आजोबा गॉटलोब जर्मनीतल्या एका खेड्यातून आले. तिथल्या एका पोरानं यॉर्कशरमध्ये सॉसेजचं दुकान टाकलं, त्याचं बरं चाललं, तशी सगळी आळीच मागोमाग आली आणि एकेका गावात एकेक दुकान थाटून बसली. गॉटलोब आणि त्याच्या भावंडांचीच पाच दुकानं होती. मग पहिलं महायुद्ध आलं. कालपर्यंत उधारीवर सॉसेज नेणाऱ्यांनीच रात्रीतून काचा फोडल्या. बाकीच्या चार भावंडांनी निमूटपणे इंग्रजी नावं लावली. गॉटलोबनं मात्र फुटक्या खिडकीवर फळ्या ठोकल्या आणि आपलं नाव पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिलं. जर्मन माणसाला रंग विकायला गावात कुणी तयार नव्हतं. त्यानं ब्लॅक पुडिंगसाठी, म्हणजे रक्ताच्या सॉसेजसाठी, बादलीत ठेवलेलं डुकराचं रक्त घेतलं आणि त्यात ब्रश बुडवला. पुढे त्याला पकडून शत्रुदेशाच्या लोकांसाठी एका बेटावर उघडलेल्या छावणीत डांबलं. 'अरे, खुद्द राजानंसुद्धा जर्मन नाव टाकलं, तुझं काय अडलंय?' असं तिथे कुणी म्हणालं, तर म्हातारा म्हणाला, 'राजाला राज्य सांभाळायचंय. मला काय, सॉसेज.'

ही गोष्ट डोरीननं संस्थेला कधीच सांगितली नाही. सांगितली असती तर त्या लोकांनी फळीभोवती फेर धरला असता. फळी तळघरात पडून होती आणि डोरीननं तिच्यावर बटाटे पसरले होते.

अशा बाईला नॉर्मन वुड भेटला. म्हणजे भेटलेला होताच. निवृत्त बसचालक, विधुर, दुकान चालू होतं तेव्हा दर शुक्रवारी ब्लॅक पुडिंग न्यायचा. दुकान बंद झालं तरी त्याचं शुक्रवारी यायचं सुटलं नाही. एका शुक्रवारी त्यानं विचारलं आणि डोरीन हो म्हणाली. माणूस तिला आवडत होताच. पण खरं सांगायचं तर त्याचं आडनाव त्याच्याहून कांकणभर जास्त आवडत होतं. वुड! गावात ढिगानं वुड होते. त्या ढिगात शिरून दिसेनासं व्हावं, हीच तिची इच्छा होती.

तिनं फोन लावला.

"मर्गट्रॉइड, जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून टाचणी काढून ठेवा."

"अरे वा, परदेशी निघालात? मग तिकडचा नकाशा..."

"लग्न करतेय. नॉर्मन वुडशी. त्यानंतर मी मिसेस वुड."

पलीकडे कपबशी आदळल्याचा आवाज आला.

"अभिनंदन," मर्गट्रॉइड म्हणाले. "फार आनंद झाला. मी जरा खाली बसतो."

त्या वर्षी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा हॅडरशॉच्या मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात ठेवली. योगायोगानंच हो, असं मर्गट्रॉइड तीन वेळा म्हणाले. डोरीनला सन्माननीय पाहुणी म्हणून व्यासपीठावर, चहाच्या बंबाशेजारी बसवलं. ती सभासद नसल्यामुळे तिला बोलता येणार नव्हतं. बोलायचंच असेल तर शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत. नॉर्मन खुर्च्या मांडायला म्हणून आला होता, तो मागे कप घेऊन बसला.

पहिला विषय, आडनावाचा उगम. यावरून संस्थेत दोन तट होते आणि त्यांच्या किटल्याही वेगळ्या होत्या. ड्रॉसेलबाइन म्हणजे कस्तूर पक्ष्याची तंगडी, इथवर सगळ्यांचं एकमत. पण मूळपुरुष सरदाराच्या मुदपाकखान्यासाठी पाखरं धरायचा, असं पारधी पक्षाचं म्हणणं. त्याचे पायच पाखरासारखे काटकुळे होते, असं काटकुळे पक्षाचं.

"डोरीनबाई, पाय अवघडले असतील ना?" मर्गट्रॉइड हळूच म्हणाले आणि त्यांनी तिच्यापुढे एक स्टूल सरकवलं.

"नाही अवघडले."

"तरी ठेवा. आरामात बसा."

ती पाय वर ठेवते तोच चाळीस माना एकदम तिरक्या झाल्या. जन्मभर गल्ल्यामागे उभं राहून डोरीनच्या पोटऱ्या जिन्याच्या खांबासारख्या भरीव झालेल्या. पारधी पक्षानं टाळ्या वाजवल्या. काटकुळ्यांपैकी एका बाईनं "सूज असेल ती" असं म्हणून पाहिलं, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

दुसरा विषय ठरावाचा : 'सदर विवाहाबद्दल, वधूवरांच्या आनंदास कोणतीही बाधा न आणता, ही सभा तीव्र खेद व्यक्त करते.' कुणीतरी दुरुस्ती सुचवली, 'तीव्र'ऐवजी 'माफक' म्हणावं. त्यावर चर्चा पेटली. तीव्र खेद व्यक्त केला तर मुलीकडच्यांना वाईट वाटेल, माफक केला तर नाव बुडण्याचं गांभीर्य कळणार नाही. मुलीकडची एकुलती एक बाई समोरच स्टुलावर पाय ठेवून बसली होती, तिला मात्र कुणी विचारेना.

नॉर्मन मागून उठला. "मी एक बोलू का?"

"आपण सभासद?"

"नाही. नवरामुलगा."

"मग आयत्या वेळचे विषय," मर्गट्रॉइड म्हणाले.

"बरं," म्हणून नॉर्मन खाली बसला. खजिनदारांचा अहवाल झाला, सोडत झाली, सोडतीत नॉर्मनलाच आंघोळीच्या साबणांचा डबा लागला. तो डबा मांडीवर घेऊन तो वाट बघत राहिला. आयत्या वेळचे विषय पुकारल्यावर मग उठला.

"एवढंच म्हणायचं होतं, की नाव बुडत असेल तर मी लावतो. डोरीननं वुड व्हायच्याऐवजी मी ड्रॉसेलबाइन होतो."

सभागृह असं दणाणलं, की बंबाचं झाकण उडालं. दोन्ही किटल्यांची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. "शंभर टक्के वाढ!" मर्गट्रॉइड ओरडले आणि त्यांचे डोळे भरून आले. शेवटची अशी वाढ राणी व्हिक्टोरियाच्या काळात झाली होती.

डोरीननं स्टूल लाथेनं उडवलं आणि ती तडक बाहेर पडली.

नॉर्मननं तिला गिरणीच्या पुलावर गाठलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का रे?" ती म्हणाली. "जन्मभर वाट पाहिली या लोढण्यातून सुटायची. सुटायची वेळ आली, तर तू ते दोघांच्याही गळ्यात बांधतोयस!"

"तुला नको असेल तर नको. ती माणसं रडकुंडीला आली होती, म्हणून म्हटलं."

"त्यांचं काय जातंय? हजेरी घेताना त्यांना नाही कुणी हसलं."

नॉर्मननं साबणाचा डबा कठड्यावर ठेवला. "खरं सांगू? त्यांच्यासाठी नाही म्हटलं. चाळीस वर्षं बस चालवली मी. गावातलं प्रत्येक माणूस माझ्या मागे बसून गेलंय. नाव काय तुझं, असं एकानं विचारलं नाही. कंपनीत पाच वुड होते, निरोपाच्या समारंभात घड्याळ दुसऱ्याच वुडला दिलं. मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, एकदा तरी कुणी म्हणावं, काय नाव म्हणालात?"

डोरीनला हसू आलं. तिला त्याची दयाही आली, आणि जिथे आपण कंटाळलो तिथे हा आशेनं बघतोय याचा रागही आला.

"लोक हसतात रे," ती म्हणाली.

"हसू देत की."

"कुठलं नाव हे, असं दहा दहा वेळा विचारतात."

"सांगेन की! वेळच वेळ आहे मला."

तिनं कठड्यावरचा साबणाचा डबा उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "तर मग असं कर. तू माझं घे, मी तुझं घेते. भांडी बदलून घेतात तसं."

आणि त्यांनी तसंच केलं. वकिलाकडे जाऊन नॉर्मन लग्नाआधीच ड्रॉसेलबाइन झाला आणि डोरीन वुड झाली. लग्न लावणाऱ्या अधिकाऱ्यानं कागद दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "नवरी कोण?" ठराव शेवटी 'माफक समाधान' व्यक्त करून संमत झाला आणि मर्गट्रॉइडनी टाचणी नॉर्मनच्या नावे केली.

इथून मर्गट्रॉइड यांचे हाल सुरू झाले. नॉर्मनकडे म्हाताऱ्यांसाठीचा बसचा फुकट पास होता आणि आता त्याला घरात चैन पडेना. सकाळी ब्रॅडफर्ड, दुपारी स्किप्टन, संध्याकाळी शेवटच्या बसनं परत. शेजारी बसेल त्याला तो आपलं नाव सांगायचा. प्रत्येक थांब्यावरून इमानेइतबारे मर्गट्रॉइडना फोनही करायचा. दिवाळं निघालं ते नकाशाचं. यॉर्कशरची पार चाळण झाली. 'लोकसंख्या भटक्या अवस्थेत गेली आहे,' असं वार्तापत्रात छापून आलं आणि मर्गट्रॉइडना पहिल्यांदाच सुट्टी घ्यावी लागली.

डोरीन मात्र सुखात होती. दुकानात नाव सांगितलं की पावती मिळायची, बस्स. कुणी मान वर करून बघत नव्हतं. कधी कधी संध्याकाळी वाटायचं, की दिवसभरात आपल्याशी कुणी काही बोललंच नाही. पण असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नाहीत, असं ती स्वतःला बजावायची.

ऑक्टोबरात दोघं फ्लूची सुई टोचून घ्यायला दवाखान्यात गेली. बाहेर पंधरावीस म्हातारी माणसं बसलेली.

"मिसेस वुड!" काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली.

तीन बायका उठल्या. त्यांतली एक पुढे गेलीसुद्धा. डोरीन खुशाल पुन्हा खाली बसली.

"मिस्टर ड्रो... ड्रॉस..." मुलगी अडखळली. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू डोरीनच्या चांगल्या ओळखीचं होतं. तिनं मान खाली घातली. नॉर्मन मात्र बक्षीस घ्यायला निघाल्यासारखा उठला.

"ड्रॉसेलबाइन! मीच तो, पोरी."

"अय्या, कुठलं हो हे?"

"त्याचं असं आहे," नॉर्मननं काउंटरवर कोपर टेकलं. सगळी खोली ऐकू लागली. "युद्धात लोकांनी आमच्या दुकानाच्या काचा फोडल्या. तर आमच्या म्हाताऱ्यानं काय करावं? फळ्या ठोकल्या, गेला बाजारात, छानसा लाल रंग आणला..."

"रंग नव्हता," डोरीन म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. नॉर्मनही वळला. त्याला तिनं एवढंच सांगितलं होतं, की फळीवर नाव रंगवलं.

डोरीन उठून उभी राहिली होती. केव्हा उठली, तिलाही कळलं नाही. "रंग त्याला कुणी विकला नाही. या गावात कुणीही विकला नाही, तुमच्यापैकी कुणाच्या आजोबानंही नाही. रक्त होतं ते. डुकराचं. फळी अजून आहे, माझ्या तळघरात."

काउंटरवरच्या मुलीनं पुढ्यातल्या नावांवरून बोट फिरवलं.

"तुम्ही मिसेस वुड ना?" ती गोंधळून म्हणाली. "मग तुम्हांला कसं ठाऊक?"

"माझे आजोबा होते ते," डोरीन म्हणाली आणि जाऊन नॉर्मनशेजारी उभी राहिली.