पाऊलबाबांच्या पायाखालची भूमी

रविवारी सकाळी नऊ वाजता नाटे गावात गोदूबाईंच्या खळ्यात त्यांची सून सानिका चोर ठरली. पुरावा म्हणजे ओल्या सारवणात उमटलेली तिची पावलं.

घरापुढचं हे खळं, पावलांवरून चोर ओळखणाऱ्या पाऊलबाबांच्या आज्ञेवरून सकाळीच शेणानं सारवलं होतं. गोदूबाईंची सोन्याची पाटली कपाटातून नाहीशी झाली होती आणि ती शोधायला पोलिसांऐवजी बाबा आले होते. घरची, शेजारची माणसं एकेक करून ओल्यावरून चालली. खळ्याभोवतीच्या दगडी गडग्याबाहेर अर्धी वाडी जमलेली. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. पुरते मिटून मात्र नव्हे.

"माता भूमी बोलते, आम्ही नुसते दुभाषी," बाबा म्हणाले. "चोराच्या पायाखाली ती तापते. मग पाऊल आखूड पडतं, हात अंगाला चिकटतात, नजर खाली जाते. बघा या सुनेची पावलं."

गर्दीनं हात जोडले. भूमीच्या आधी गोदूबाईच बोलल्या होत्या, पडवीत बाबांना पोहे वाढताना. संशय कोणावर, ते बाबांनी दुसऱ्यांदा पोहे घेता घेता ऐकून ठेवलं होतं.

ते ऐकणारी आणखी एकजण होती, गोदूबाईंची मुलगी राजश्री. रत्नागिरीत ती फिजिओथेरपिस्ट. माणसं कशी चालतात ते बघणं हे तिचं रोजचंच काम.

"आई, गेल्या महिन्यात तिचे वडील गेले. तेव्हापासून ती अशीच पाय ओढत चालते. बाप गेलेली पोर नाचत चालेल काय?"

"मग पाटली गेली खंय?" गोदूबाई म्हणाल्या. "बॅग भरून ठेवलीय तिची. जाऊ दे माहेरी, लोटे गावाला, भावाकडे."

सानिका तुळशीपाशी उभी होती. "वन्सं, राहू दे. हे बोटीवर आहेत, त्यांना तेवढं कळवू नका."

राजश्री बाबांकडे वळली. "भूमी सगळ्यांचंच सांगते ना? मग तुम्हीपण चाला."

बाबा हसून उठले. छाती पुढे, हात मोकळे, पालखी मिरवावी तसे गडग्यापर्यंत गेले.

"आता परत या," राजश्री म्हणाली. "पोलिसांना मी फोन केलाय. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, ठाऊक असेलच. गाडी तिठ्यावर पोचली म्हणाले."

बाबा परत आले. हात बरगड्यांना चिकटलेले, नजर पायांशी, उपरणं खांद्यावरून घसरलेलं.

शेजारचे लवूकाका सारवणावर वाकले. जातानाच्या पावलांत हातभर अंतर होतं, येतानाच्या जेमतेम वीतभर.

"तापली वाटतं भूमी," काका म्हणाले. "बाबानू, पाटली काढा."

गडग्याबाहेर हशा पिकला. मघाशी जोडलेले हात आता तोंडावर होते.

"काका, चोर तेही नाहीत. निदान पाटलीचे," राजश्री म्हणाली. "माणूस घाबरला की पावलं आखूडतात. दुःखात खांदे पडतात, रागात टाच आपटते. चालीत मन दिसतं, गुन्हा नाही दिसत. 'तू चोर' असं डोळ्यांनी म्हणत साऱ्या वाडीनं बघितलं, तर कोण सरळ चालेल? आधी घाबरवायचं आणि मग घाबरला म्हणून धरायचं, एवढीच यांची विद्या. पाटली हवी तर तक्रार द्या, घर धुंडाळा. कुणाचं नाव घ्यायचं तर पुरावा द्या."

पोलिसांची गाडी आली तेव्हा बाबांची गेलेली होती. गोदूबाईंनी तक्रार दिली, पण सुनेशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत पाटली सापडली नव्हती. सानिकाची भरलेली बॅग पडवीतच होती. ती उचलून अजून कुणी आत नेलेली नाही.