फसलेलं 'नको'

"महिन्याला हातात किती पडतात, तेवढं सांग ह्यांना," दादा म्हणाला.

तिने सांगितलं. तिचं अ‍ॅप विकत घ्यायला आलेला कंपनीचा माणूस हसला नाही, हे त्याचे उपकारच. तेवढ्या पैशांत घराचं अर्धं भाडंही निघत नव्हतं. उरलेलं ती सकाळी दोन दुकानांची बिलं टाइप करून भागवायची. पोरगी अ‍ॅप बनवते म्हटल्यावर नातेवाइकांना वाटायचं, पैशांत लोळत असणार. लोळायला तिच्याकडे धड गादी नव्हती.

पक्षाघाताने वडिलांची वाचा गेली, तेव्हा नोकरी सोडून तिने ते अ‍ॅप त्यांच्यासाठी केलं होतं. फोनवर मोठमोठी बटणं. दाबलं की तिच्या आवाजात शब्द यायचा. पाणी. खिडकी उघड. दुखतंय. आता वाचा गेलेली चार हजार माणसं तिच्या आवाजात बोलत होती.

त्यातलं 'नको' मात्र फसलं होतं. ते रेकॉर्ड करताना दादाने बाहेरून तिसऱ्यांदा विचारलं, "चहा घेतेस का गं?" आणि ती खेकसली, "नको म्हटलं ना!" नेमकं तेच अ‍ॅपमध्ये गेलं. पुढे तिने गोड आवाजातलं 'नको' घातलं, तर लोकांनी नुसता कल्ला केला. "आजोबांचं जुनं 'नको' परत द्या," एका नातीने कळवलं. "गोड 'नको' घरात कोणी ऐकतच नाही."

"ताई, रक्कम तुम्ही बघितलीत," कंपनीचा माणूस म्हणाला. "अट एकच. प्रत्येक शब्दाआधी जाहिरात. फक्त पाच सेकंद."

"'श्वास कोंडतोय'च्या आधीही?"

"नियम सगळ्यांना सारखाच ना."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायचं कितीही ठरवलं तरी तिच्या तोंडून "बघते" एवढंच निघायचं. आताही तेच निघालं.

"बघतेस काय? सही कर," दादा म्हणाला. "बाबांच्या औषधांचं मी एकट्याने किती दिवस बघू?"

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. तिने पेन उचललं.

"नको म्हटलं ना!"

टेबलापाशी बसलेल्या वडिलांनी बटण दाबलं होतं. कंपनीचा माणूस खो खो हसला. "काका भारी आहेत हं!" वडिलांनी पुन्हा दाबलं. तेव्हा त्याने हसत हसतच फोन त्यांच्या हातापासून लांब सरकवला. "हां ताई, तुम्ही बोला."

"नको म्हटलं ना!"

दादाने दचकून फोनकडे बघितलं. फोन टेबलाच्या त्या टोकाला होता.

तिने उठून तो वडिलांच्या हाताखाली आणून ठेवला. माणसाने कागद गोळा केले.

"आणि औषधं?" दादाने विचारलं.

"तिसरं दुकान धरते."

वडिलांनी बऱ्या हाताने फोन चाचपला आणि हळूच उपडा ठेवला. त्यांचं बोलून झालं होतं.