धाकूची जीभ

"खाऊन पाहा," साहेब म्हणाला, आणि धाकूने मुकाट्याने तोंड उघडलं.

कल्याण कचेरीतला हा शिपाई झाडपाला शोधणाऱ्या साहेबाबरोबर बारा वर्षं दौऱ्यावर जात होता. भिंग साहेबाचं, जाडजूड पुस्तक साहेबाचं. जीभ तेवढी धाकूची. पाला विषारी निघालाच तर साहेब वाचावा, अशी त्यात सोय होती.

पण भाद्रपदातल्या तापातून धाकू उठला, जीभ उठली नाही. कडू-गोड सारं सारखंच. हे त्याने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. साहेबाला कळलं असतं तर दौरे संपून उरलेला जन्म कचेरीचा पंखा ओढण्यात गेला असता.

आज कोपर गावच्या बांधावर दोन रोपं होती. दोन्हींची पानं करवती, फुलं पिवळी, तोडलं की पांढरा चीक. साहेबाच्या मते दोन्ही एकच रानसॅलड. पंचाईत अशी, की धाकूच्या जिभेचंही तेच मत पडलं.

"सरकार आता पाला बी चारतं का रं, धाकू?" बांधावर म्हैस चारणाऱ्या भिवाने विचारलं.

साहेबाचं डोकं पुस्तकात होतं. धाकूने उजव्या रोपाचं पान उजव्या हातात, डाव्याचं डाव्या हातात धरून दोन्ही हात पाठीमागे म्हशीपुढे नेले. म्हशीने उजवा तळवा चाटूनपुसून साफ केला. डाव्यावर नुसती फुसकारली.

धाकू थुंकला, तोंड वाकडं केलं. "साहेब, दोन हायत. ही उजवी पाथरी. डावी दुसरीच कोन तरी, कडू जहर."

साहेबाने भिंगाखाली बिया धरल्या. डावीची बी चपटी, चोचवाली. उजवीला चोचच नाही. बारा वर्षांत प्रथमच त्याने धाकूच्या जिभेची तारीफ केली. धाकूने नम्रपणे मान खाली घातली. म्हैस रवंथ करत होती. तिने कसलाही हक्क सांगितला नाही.

घरी बायकोने, रंगूबाईने, पाथरीची भाजी वाढली. धाकूने बोटं चाटली. "फक्कड झालीय."

"मीठ नाय घातलं मी," ती म्हणाली.

धाकूने घास परत पानात ठेवला.

"भिवा सांगून गेला समदं. उद्या शीळला जायचं ना तुमाला? थितं त्याची म्हस नाय यायची." तिने मिठाची चिमूट त्याच्या पानात सोडली. "जेवा आता."

सकाळी शीळच्या वाटेवर पुढे साहेब, मागे पेटी घेतलेला धाकू, आणि त्याच्याही मागे दहा पावलांवर, भाजी खुडायला निघालेली रंगूबाई, काहीतरी चघळत.